गोंगाटातलं मराठी: इम्प्लांट वापरणाऱ्यांसाठी श्रवणचाचणी (प्रकल्प नोंदी)

५ जून २०२५

कामाची व्याप्ती आज ठरली. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात ऑपरेशननं घालून मज्जातंतूंना विजेनं आवाज पोचवणारं यंत्र, बसवलेल्या मोठ्या माणसांना गोंगाटात मराठी बोलणं किती कळतं, हे मोजणारी चाचणी तयार करायची. त्याच ध्वनिमुद्रणावर घरी सराव करता येईल असं एक साधं ॲपही. लहान मुलांची चाचणी या टप्प्यात नाही, तिला वेगळे शब्द आणि वेगळा धीर लागतो. श्रवणतज्ज्ञ मॅडम चाचणीची बाजू बघणार, मी ध्वनिमुद्रण आणि सॉफ्टवेअर.

हे काम का, ते लिहून ठेवतो. मॅपिंगला, म्हणजे इम्प्लांटची सेटिंग जुळवून घ्यायला, येणारे बरेच जण शांत खोलीत, समोरून म्हटलेली वाक्यं व्यवस्थित परत म्हणतात. फायलीत चांगले गुण पडतात. तीच माणसं लग्नाच्या हॉलमध्ये, एसटी स्टँडवर, किंवा घरात मिक्सर चालू असताना अडकतात. घरचे म्हणतात, "एवढं ऑपरेशन झालं, मशीन लावलं, आता कसलं ऐकू येत नाही? लक्ष देत नाहीत, दुसरं काय!" आणि फायलीतले गुण नेमके घरच्यांच्या बाजूनं साक्ष देतात. गोंगाटातला आकडाही त्याच फायलीत पडला पाहिजे.

९ जून

वाचनाचा दिवस. मॅडमनी दिलेले जुने लेख संपवले. पुढे टीममध्ये येणाऱ्यांसाठी सार.

निरोगी कर्णशंखात, म्हणजे आतल्या कानाच्या शंखासारख्या भागात, आवाज ओळखणाऱ्या आतल्या केसपेशी साधारण ३,५०० असतात. इम्प्लांटमध्ये त्यांच्या जागी कंपनीनुसार १२ ते २२ इलेक्ट्रोड येतात. पण २२ इलेक्ट्रोड म्हणजे २२ सुटे आवाज असं नाही. कर्णशंखातलं पाणी खारट, त्यातून वीज पसरते. शेजारशेजारचे इलेक्ट्रोड मग बऱ्याच अंशी त्याच मज्जातंतूंना जागं करतात.

शांततेत याचं फार बिघडत नाही. शॅनन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवलं की बोलणं जाड-बारीक सुरांप्रमाणे फक्त चार पट्ट्यांत वाटून प्रत्येकाच्या जोराचा चढउतार तेवढा ठेवला, तरी चांगलं ऐकू येणाऱ्या माणसाला वाक्यं कळतात. गोंगाट घातला की हिशेब बदलतो. फ्रीसेन, शॅनन वगैरेंचा २००१ चा प्रयोग: चांगलं ऐकू येणाऱ्यांना पट्टे वाढवत नेले तसं गोंगाटातलं बोलणं अधिकाधिक कळत गेलं, अगदी वीस पट्ट्यांपर्यंत. इम्प्लांटवाल्यांची गाडी सात ते दहाच्या आसपास थांबली. त्यापुढे जास्तीचे इलेक्ट्रोड चालू करून फारसं हाती लागलं नाही.

दुसरी अडचण स्वराच्या उंचीची. दोन माणसं एकदम बोलत असली की आपण एकाचा आवाज धरून ठेवतो, त्यात बाईचा-पुरुषाचा, पातळ-जाड हा फरक फार कामाला येतो. इम्प्लांटचा कानाबाहेर लावलेला भाग, म्हणजे प्रोसेसर, प्रत्येक पट्ट्यातला जोर मोजतो आणि ठरावीक वेगानं, म्हणजे सेकंदाला ९०० वगैरे, विजेचे ठोके देतो. लहरींची बारीक वीण त्यात राहत नाही. ब्लेक विल्सन यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर आजची बरीच यंत्रं उभी आहेत. तिच्यामुळेच इम्प्लांटवर ओठ न वाचता बोलणं कळणं सर्रास झालं, त्यामुळे नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण दोन आवाजांची गुंतागुंत सोडवायला जो धागा लागतो, तो तिच्यात फार बारीक उरतो.

म्हणून "आवाज वाढवून द्या" हा उपाय नाही. आवाज वाढवला की गोंगाटही वाढतो.

१४ जून

वाक्यं कशी असावीत यावर दिवस गेला, आणि सार्थकी लागला.

नेहमीची, अर्थाची वाक्यं घेतली तर माणूस अंदाजानं पूर्ण करतो. "पावसात जाताना छत्री..." म्हटलं की पुढचं ऐकायची गरजच काय! शिवाय एकदा ऐकलेलं वाक्य पुन्हा वापरता येत नाही. त्यावर स्वीडनच्या हागरमन यांनी १९८२ साली काढलेली तोड अजून उत्तम आहे: पाच जागा, प्रत्येक जागेसाठी दहा शब्द, आणि हवे तसे जोडून वाक्यं. एक लाख वाक्यं तयार होतात, पाठ करायची कोणाची बिशाद नाही. जर्मन आणि इतर अनेक भाषांत हा साचा वापरतात.

मराठीत तो जसाच्या तसा बसत नाही. पहिलं अडतं ते लिंग. "सुधानं सात पिशव्या आणल्या", "सुधानं सात डबे आणले", "सुधानं सात पुस्तकं आणली". भूतकाळात क्रियापद वस्तूच्या मागे जातं. म्हणजे शब्द फिरवले की वाक्य मोडतं, आणि न मोडेल अशी सोय केली तरी शेवटच्या "ल्या"वरून ऐकणाऱ्याला मधली वस्तू अर्धी कळते. वर्तमानकाळ घ्यावा तर क्रियापद कर्त्याच्या मागे: सुधा आणते, मोहन आणतो.

सुटका भविष्यकाळात आहे. सुधा आणेल, मोहन आणेल. वस्तू कोणत्याही लिंगाची असो, क्रियापद ढिम्म. मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या हसत म्हणाल्या, "शाळेत व्याकरणाच्या तासाला झोपला नव्हतात तर!"

विशेषणांचंही तसंच. काळा, मोठा, जुना बाद, कारण ते वस्तूप्रमाणे बदलतात. न बदलणारी शोधली: लाल, गुलाबी, नवीन, लहान, महाग, स्वस्त, जड, गोल, सुंदर, मऊ. "जाड" चांगलं होतं, पण "जड" शेजारी नको. संख्येचा त्रास नाही, दोनपासून पुढे घेतलं की वस्तू अनेकवचनी राहते.

आता वाक्यं अशी होतात: "राजू सात गुलाबी मडकी विकेल." "आशा नऊ मऊ चमचे मोजेल." मऊ चमचे कोणी मोजत नाही, हेच हवं आहे. अंदाज लागू नये, तरी व्याकरण खटकू नये.

१७ जून

नावांची यादी पक्की: मीना, राजू, सुधा, विजय, कमल, गणेश, शोभा, दत्ता, आशा, मोहन. सगळी दोन-तीन अक्षरी, सगळ्या वयाच्या माणसांना माहीत. "आर्यन, कियारा का नाहीत?" असं इंटर्ननं विचारलं. ऐकणारे बरेचसे साठीच्या पुढचे आहेत.

२१ जून

पालख्या पुण्यात मुक्कामाला, रस्ते बंद, स्टुडिओ रद्द. रेकॉर्डर घेऊन जवळच्या चौकात उभा राहिलो आणि गर्दीचं मुद्रण केलं. टाळमृदंगाचं मुद्रण सुरेख आलं, पण चाचणीला उपयोग नाही. तालावर चालणारा आवाज गोंगाट म्हणून वापरला तर कोणता शब्द ठोक्याखाली सापडला यावर गुण ठरतील.

२६ जून

ध्वनिमुद्रण सुरू. आवाज एका आकाशवाणीवर काम केलेल्या बाईंचा. उच्चार स्वच्छ, वेग सारखा. एकच मुद्दा सारखा सांगावा लागला: कागदावर "पुस्तके, फुले" असेल तर त्या तसंच वाचतात. सगळ्या याद्या बोलीत लिहून दिल्या: पुस्तकं, फुलं. घरात कोणी "पुस्तके आण" म्हणत नाही.

मराठी वाक्य शेवटी उतरतं, आणि शेवटी बसतं क्रियापद. मुद्रण पडद्यावर बघितलं तर क्रियापदाचा जोर पहिल्या नावापेक्षा स्पष्ट कमी. त्यात सगळ्यांचा शेवट "एल". म्हणजे आणेल, मागेल, मोजेल यांतला फरक वाक्याच्या सगळ्यात हळू भागात येऊन पडतो. शब्द सुटे कापून सगळे सारख्या पातळीवर आणले तर वाक्य रेल्वेच्या घोषणेसारखं तुटक लागतं. मॅडमशी बोलून ठरलं की सूर जसा उतरतो तसाच ठेवायचा, आणि चाचणीतून जे शब्द फारच अवघड किंवा फारच सोपे ठरतील त्यांची पातळी थोडी वर-खाली करायची.

२ जुलै

गोंगाटाचे दोन प्रकार ठरले.

पहिला सलग. आपलीच सगळी वाक्यं एकावर एक, वेगवेगळ्या ठिकाणी सुरू करून, इतक्या वेळा चढवायची की शब्द ओळखू येऊ नयेत. उरतो तो पावसासारखा एकसंध आवाज, पण त्यातल्या जाड-बारीक सुरांचं प्रमाण बोलणाऱ्या बाईंच्या आवाजाइतकंच. त्यामुळे बोलण्याचा प्रत्येक भाग सारखाच झाकला जातो.

दुसरा कलकलाट. चार माणसं एकाच वेळी मराठीत बोलतायत, असा. यासाठी ऑफिसातल्या चौघांना वेगवेगळ्या विषयांवर बोलायला बसवलं. क्रिकेट, पाणीकपात, शाळेचे प्रवेश, आणि एकाला विषयच सुचेना म्हणून त्यानं साबुदाण्याच्या खिचडीची कृती सांगितली.

रस्त्याचं, मंडईचं खरं मुद्रण चाचणीत घेतलं नाही. सरावाच्या ॲपमध्ये घेऊ. मोजायला तोच गोंगाट दर वेळी तसाच मिळाला पाहिजे, आणि हॉर्न कधी वाजेल याचा भरवसा नसतो.

११ जुलै

नातेवाइकांसाठी छोटा नमुना बनवला. आवाजाचे आठ पट्टे करायचे, प्रत्येकातला चढउतार काढायचा, आणि तो खरखरीच्या आठ पट्ट्यांवर चढवायचा. इम्प्लांटचं ऐकणं हुबेहूब असंच असतं असं कोणी म्हणू नये. वर्षानुवर्षं त्यावर ऐकणाऱ्या माणसाच्या मेंदूनं जुळवून घेतलेलं असतं, आणि आपण ते पहिल्यांदा ऐकतो. पण शांततेतलं आणि गोंगाटातलं अंतर मात्र या नमुन्यात लगेच जाणवतं.

एका काकांचा मुलगा आणि सून आले होते. शांततेतली वाक्यं दोघांनी दोन-तीन प्रयत्नांत पकडली. कलकलाट घातल्यावर मुलगा आवाज वाढवायचं बटण शोधायला लागला. वाढवला. पुन्हा वाढवला. मग हेडफोन काढून ठेवला आणि वडिलांना विचारलं, "बाबा, हे रोज असं?" काका म्हणाले, "रोज नाही. तुम्ही सगळे एकदम बोलता तेव्हा."

माहितीपत्रकाच्या आधी हा नमुना ऐकवायचा, असं कार्यपद्धतीत लिहून टाकलं.

२३ जुलै

चांगलं ऐकू येणाऱ्या तरुणांवर चाचणी. कोणते शब्द सोपे, कोणते अवघड ते यातून कळतं, आणि तुलनेचा पायाही मिळतो. बोलणं ६५ डेसिबलवर स्थिर, गोंगाट खाली-वर. अर्ध्याहून जास्त शब्द बरोबर आले की गोंगाट वाढतो, कमी आले की उतरतो. जिथे निम्मे शब्द कळतात ती पातळी म्हणजे निकाल.

जर्मन चाचणीत अशा माणसांना गोंगाट बोलण्यापेक्षा साधारण ७ डेसिबल जास्त असतानाही निम्मे शब्द कळतात. आमचे लोकही त्याच परिसरात आहेत, त्यामुळे साचा तरी धड बसला आहे. त्याच पन्नास शब्दांची सवय होईपर्यंत गुण वाढतच जातात, म्हणून सुरुवातीला वीस वाक्यांच्या दोन सराव याद्या सक्तीच्या. "सात" आणि "आठ" यांची आपसात अदलाबदल फार. सातची पातळी किंचित वाढवली.

५ ऑगस्ट

इम्प्लांट वापरणारे पहिल्यांदा खोलीत बसले. अडचणी तांत्रिक निघाल्या, त्या आधी सोडवायला हव्यात.

प्रोसेसर स्वतः हुशारी करतो. मोठा आवाज आला की आपोआप दाबतो, सलग आवाज हा गोंगाट आहे असं ओळखून कमी करतो, मायक्रोफोनचं तोंड पुढे वळवतो. हे सगळं चालू असेल तर आपण कान मोजतोय की यंत्राची सेटिंग, ते कळत नाही. आणि बंद करून मोजलं तर तो माणूस घरी ज्या सेटिंगवर राहतो तिचा निकाल मिळत नाही. तोडगा: रोजची सेटिंग आहे तशी ठेवून मोजायचं, आणि कोणतं काय चालू आहे ते निकालाच्या शेजारी लिहायचं. सेटिंग न लिहिता नुसता आकडा फायलीत जाणार नाही.

एक जण म्हणाले ब्लूटूथवरून थेट मशीनमध्ये आवाज सोडा, खोलीची कटकटच नको. तसं केलं तर मायक्रोफोन कुठे बघतोय, डोकं आवाजाच्या आड येतंय का, यातलं काहीच मोजलं जात नाही. स्पीकरच हवेत: एक समोर, एक बाजूला.

दोन्ही कानांत इम्प्लांट असलेल्या ताईंचा निकाल गोंगाट बाजूला नेल्यावर सुधारला. डोक्याची सावली पडते तो कान कामाला येतो. एकाच बाजूला मशीन असलेल्यांसाठी कोणत्या बाजूला गोंगाट आहे यावर सगळं ठरतं. लग्नात कुठे बसायचं याचं उत्तरही हेच. भिंतीकडे मशीन नसलेला कान, घरच्यांकडे मशीन असलेला. एक काका दुसऱ्या कानात साधं श्रवणयंत्र वापरतात. त्यातून जे थोडे जाड सूर मिळतात, तेवढ्यावर बोलणाऱ्याची उंची पकडता येते, म्हणून ते यंत्र जुनं झालं तरी सोडू नये असं मॅडम बजावतात.

२९ ऑगस्ट

गणपती. केंद्राच्या मागच्या गल्लीत मांडव. खिडक्या बंद करूनही खोलीत पार्श्वभूमीचा आवाज मर्यादेवर. दहा दिवस मोजणी बंद, कोड लिहिणे चालू.

१६ सप्टेंबर

मोजणीचा पहिला टप्पा संपला. लोक थोडे आहेत, टक्केवारी काढून मिरवण्यात अर्थ नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

बहुतेकांना निम्मे शब्द कळायला बोलणं गोंगाटाच्या वरच असावं लागतं. काहींना सलग गोंगाटात निम्म्यापर्यंत पोचताच येत नाही. त्यांना खाली-वर करत नेलं की चाचणी गोते खाते, म्हणून त्यांच्यासाठी फरक एकाच पातळीवर, बोलणं १० डेसिबल वर, स्थिर ठेवून किती शब्द आले ते मोजतो.

सगळ्यात बोलकी गोष्ट दोन गोंगाटांमधली. चांगलं ऐकू येणाऱ्या माणसाला एकदोन जणांची बडबड सलग गोंगाटापेक्षा सोपी जाते, कारण बोलणाऱ्यांच्या श्वासाच्या, विरामाच्या फटींमधून तो हवा तो शब्द उचलतो. इम्प्लांटवर या फटींचा फायदा मिळत नाही, हे नेल्सन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्येच दाखवलं होतं. आमच्याकडे तर काहींना कलकलाट उलट जास्त जड गेला. एका आजींनी कारण अचूक सांगितलं: "पंख्याचा आवाज पंख्याचा असतो हो. ही माणसं बोलतायत ना, मग मला वाटतं माझ्याशीच बोलतायत."

आजींच्या उत्तरपत्रिकेत दोन ठिकाणी "साबुदाणा" आहे. आमच्या शब्दांत साबुदाणा नाही. तो कलकलाटातल्या खिचडीतून आला. कलकलाटातलं बोलणं इतकं स्पष्ट असेल तर ते झाकण राहत नाही, दुसरं वाक्य होऊन बसतं. तसंही मोजायचं असतं, पण वेगळं. पुढच्या आवृत्तीत चाराऐवजी जास्त आवाज घेणार.

३० सप्टेंबर

आज चाचणी बाजूला ठेवून अंतरावर काम केलं, आणि आतापर्यंतच्या सगळ्या कामात सगळ्यात उपयोगी हेच वाटतं.

बोलणारा दुप्पट लांब गेला की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलनं उतरतो. दोन मीटरवर बसलेल्या माणसाच्या तोंडाजवळ, वीतभर अंतरावर मायक्रोफोन लावला आणि तिथून आवाज थेट प्रोसेसरला पाठवला, तर कागदावर २० डेसिबलच्या आसपास फायदा. प्रोसेसरमधली कोणतीही हुशारी एवढं देत नाही. बंद खोलीत भिंतींच्या घुमण्यामुळे हिशेब इतका स्वच्छ राहत नाही, पण घुमण्यावरही उपाय हाच, कारण जवळच्या मायक्रोफोनला भिंतीवरून परत येणारा आवाज कमी मिळतो.

असे दूरचे मायक्रोफोन बाजारात आहेत, महाग आहेत. केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेत लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी मदत मिळते. पुढे बॅटऱ्या, केबल, कॉइल, दुरुस्ती हा घरचा खर्च होतो, आणि त्या रांगेत मायक्रोफोनचा नंबर शेवटचा लागतो. माझं स्पष्ट मत: वर्गात बसणाऱ्या मुलासाठी ही चैन नाही. अमेरिकेच्या २००२ च्या मानकात रिकाम्या वर्गाची मर्यादा ३५ डेसिबल आहे. आपल्याकडचा एक जुना पंखाच ती ओलांडतो, पोरं आत यायच्या आधी.

मायक्रोफोन नसेल तेव्हा काय, तर जवळ या. हाताच्या अंतरावर या, समोर या, टीव्ही बंद करा, मग बोला. ओरडू नका, ओरडल्यावर शब्दांचे आकार बिघडतात. सरावाच्या ॲपमध्ये घरच्यांसाठी पान हवं, आणि ते पहिलं पान हवं.

१० ऑक्टोबर

ॲपचे धडे. मी आधी शब्दांच्या जोड्या लावल्या होत्या: काल-काळ, वेल-वेळ, मन-मण, पळ-फळ, दार-धार. मिलर आणि नाइसली यांनी १९५५ मध्येच मांडलं होतं की गोंगाटात घोष (ग, द, ब म्हणताना गळ्यात होणारी थरथर) आणि नाकातला सूर तग धरतात, जीभ कुठे टेकली ते आधी हरवतं. ल-ळ, न-ण यांतला फरक नेमका तोच आहे. म्हणजे इम्प्लांटवर गोंगाटात या जोड्या सगळ्यात अवघड, आणि सुरुवातीला त्या देणं म्हणजे माणसाला पळवून लावणं.

शिवाय गुण देताना भान हवं. विदर्भातल्या एका काकांच्या रोजच्या बोलण्यात "डोळा" हा "डोया" असतो. त्यांनी "वेळ"चं उत्तर "वेय" दिलं तर कानाचे गुण कापायचे नाहीत. ॲपमध्ये बोलून उत्तर द्यायच्या जागी चित्र निवडायची सोय करतो. न वाचता येणाऱ्यांनाही तीच सोयीची.

लोकांनी स्वतः मागितलेला धडा वेगळाच आहे: भाजीवाल्याचे आकडे. बासष्ट की बाहत्तर, पंचावन्न की सत्तावन्न. मराठीत शंभरपर्यंतचे आकडे जोडून गेलेले, एक अक्षर निसटलं की दोन नाहीतर दहा रुपयांचा फरक. एक ताई म्हणाल्या त्या हल्ली सरळ विचारतात, "सहा दोन का सात दोन?" आणि भाजीवालाही आता त्यांना तसंच सांगतो. हा धडा पहिल्या आठवड्यात, मंडईच्या खऱ्या मुद्रणावर, आधी गोंगाट अगदी कमी ठेवून.

४ नोव्हेंबर

दिवाळीनंतरची बैठक. ठरलेलं:

चाचणी केंद्रात नियमित वापरात येणार. फायलीत आता दोन आकडे, शांततेतला आणि गोंगाटातला, शेजारी सेटिंग. मॅपिंग बदललं की दोन्ही पुन्हा. विमा किंवा मदतीच्या अर्जात डॉक्टरांनी गोंगाटातला आकडाही लिहावा असा मॅडमचा आग्रह आहे. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही, म्हणून "इतर माहिती"त लिहायचं.

जास्त आवाजांच्या कलकलाटाचं मुद्रण पुढच्या आठवड्यात. यावेळी पुण्याबाहेरचे आवाज घ्यायचे: एक कोल्हापूरचा, एक नागपूरचा, एक गोव्याकडचा. खिचडीची कृती कोणी सांगायची नाही.

वादाचा मुद्दा राहिला तो एकच. इंटर्नचं म्हणणं, ॲपमध्ये गुणांचा तक्ता आणि बक्षिसं ठेवू. माझा विरोध. गोंगाटातले गुण दिवसाच्या थकव्यावर खाली-वर होतात, आणि संध्याकाळी घसरलेला आकडा बघून माणूस मशीन काढून ठेवतो. मॅडम म्हणाल्या, दोन्ही प्रकार चार-चार जणांना देऊन बघा. कोणाला कोणता द्यायचा त्या चिठ्ठ्या उद्या टाकायच्या आहेत.